सतरा लिटरचा हंडा

रभा, तुझा हंडा सतरा लिटरचा आहे. पंधराचा नाही. आज सकाळी अंगणात ठेवून एक लिटरच्या मापानं मी तो भरला, गळ्याखालच्या कडेपर्यंत, तू भरायचास तिथपर्यंतच. एकदा नाही, तीनदा. तिन्ही वेळा सतरा. तिसऱ्या वेळी सुमन दारात येऊन म्हणाली, "आता बास करा. गेलेल्या माणसाला किती वेळा खोटं पाडणार?" मी म्हटलं, त्यानं मला चार महिने खोटं पाडलं, मी तीनदा पाडलं तर काय बिघडलं? ती आत गेली. मी हंडा उपडा केला आणि तिथंच बसून राहिलो.

काल तुझा दहावा झाला. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. कोण म्हणतं ते मला माहीत नाही, पण त्यांच्या मित्रानं त्यांच्याशी असं केलेलं नसणार. मी रागावलोय, रभा. सकाळी धार काढून, दुधाची किटली डेअरीवर पोचवून, परत येऊन ओट्यावर टेकलास आणि गेलास. कुणाला काही सांगायला दोन मिनिटं ठेवली नाहीस. वहिनींना नाही, लेकीला नाही. माझा नंबर तर रांगेत फारच मागं होता, कारण आपण बोलतच नव्हतो.

आणि का बोलत नव्हतो? पाण्यावरून. चार लिटर पाण्यावरून.

आपली पहिली ओळखही पाण्यावरूनच झाली होती. जुन्नरच्या बोर्डिंगात उन्हाळ्यात अंघोळीला माणशी अर्धी बादली मिळायची. मी लोणी गावचा, विहिरीवर पोहून वाढलेला. मला त्यात काही जमेना. डोक्याला साबण तसाच राहिला आणि पाणी संपलं. तू शेजारी होतास. तुझी अंघोळ उरकून तुझ्या बादलीत अजून पाणी शिल्लक होतं. ते माझ्या डोक्यावर ओतलंस आणि म्हणालास, "आमच्या आण्याला एवढ्यात म्हस धुत्यात." मला तेव्हा तुझा रागच आला होता. पण त्या दिवसापासून मी तुझ्या शेजारची मोरी सोडली नाही.

पुढं मी पाटबंधारे खात्यात लागलो आणि कालवा निरीक्षक होऊन निवृत्त झालो. सगळी नोकरी पाणी मोजण्यात गेली. कुठल्या दारातून किती सुटलं, वाटेत किती मुरलं, टोकाला किती पोचलं. तू आण्याच्या पठारावरच राहिलास, चार म्हशी आणि बाजरी घेऊन. पाणी तूही मोजलंस. उन्हाळ्यात टँकर यायचा तेव्हा ग्रामपंचायतीनं तुला मोजायला उभं केलं होतं, घरटी किती हंडे ते बघायला. मी कालवे मोजायचो आणि तू हंडे. त्यावरून तू मला आयुष्यभर चिडवलंस. "साहेबाचं पाणी मुरतं, माझं मुरत न्हाई," म्हणायचास. मी हसायचो. तेव्हा हसलो नसतो तर बरं झालं असतं.

बिअरचं खूळ माझं होतं, हे कबूल. जावयानं निवृत्तीनंतर एक संच आणून दिला. त्यात तयार पाकाचा डबा होता. पाक पाण्यात विरघळवायचा, यीस्ट टाकायचं, पिंपात ठेवायचं, झालं. दोनदा करून पाहिलं. तुला बाटली आणून दिली. तू चव घेऊन म्हणालास, "ह्यात तू काय केलं? पाणी ओतलं. ते तर मीबी करतो." ते मला लागलं. तेव्हाच ठरवलं की आता धान्यापासून करायची. मोड आणून वाळवलेले जव आणायचे, भरडायचे, गरम पाण्यात ठेवायचे, गाळायचे, उकळायचे. सगळं आपल्या हातानं. सुमननं सांगितलं, ह्या घरात दारूची चूल पेटणार नाही. तू लगेच म्हणालास, "माझ्या गोठ्याशेजारी पेटव." मग विचारलंस, "परवान्याचं काय रं, अश्या?" मी विषय बदलला. तूही बदलू दिलास. गावात तूच सांगून टाकलंस की साहेब जवाचा काढा करणार हाय, साखरेवर चालतो.

चूल पेटवायच्या आधीच्या रविवारी मी पाण्याचा हिशेब घेऊन तुझ्या ओट्यावर आलो होतो. मला तो कागद अजून डोळ्यासमोर दिसतो. पिंपात वीस लिटर बिअर पडायला हवी. त्यासाठी एकतीस लिटर पाणी. तू कागद हातात धरलास आणि तुझा चेहरा बदलला.

"अकरा लिटर कुठं गेलं?"

"पाच जव पितात. पाच किलो जव, किलोला लिटर. ते गाळल्यावर चोथ्यातच राहतं."

"बरं. चोथा म्हशीला घालू. म्हणजे ते गेलं न्हाई. पुढं?"

"चार उकळताना वाफेत जातं. तासभर खळखळ उकळायचं."

"झाकण ठेव की."

"झाकण ठेवून चालत नाही. उकळताना एक वास निघतो, तो बाहेर गेला पाहिजे. नाहीतर बिअरला उकडलेल्या मक्यासारखा वास येतो."

"वासासाठी चार लिटर?" तू ओट्यावरून उठलासच. "अरे, चार लिटरात माझं एक वासरू दिवस काढतं! आणि राहिलेलं दोन?"

"पातेल्याच्या तळाशी गाळ बसतो. त्यातलं पाणी घ्यायचं नाही."

तू वहिनींना हाक मारलीस. "ऐकलं का? वीस लिटर प्यायला ह्यो अकरा लिटर फेकणार हाय. आणि ह्याला सरकारनं पाणी मोजायला ठेवला व्हता!" वहिनी आतून म्हणाल्या, "तुमी दोघं मिळून काय ते फेका, माझ्या रांजणाला हात लावू नका." आपण हसलो. मग थंड करायला किती पाणी लागतं ते मी भीतभीतच सांगितलं, कारण उकळतं पातेलं पटकन गार करायचं असतं आणि लोक त्यासाठी नळ सोडून देतात. तू म्हशींच्या हौदाकडं बोट दाखवलंस फक्त. पातेलं हौदात उतरवायचं, गार करायचं, आणि तेच कोमट पाणी संध्याकाळी म्हशींनी प्यायचं. मी इतकी पुस्तकी माहिती गोळा केली होती, त्यात हे कुठंच नव्हतं. तेव्हा मी तुला शाबास म्हटलं नाही. आज म्हणतो.

कार्तिकातला तो दिवस किती चांगला गेला, रभा. जव तू म्हशींच्या भरड्याच्या यंत्रावर भरडून आणलेस, बेताचे जाड, मला हवे तसेच. वहिनींनी जुन्या पडद्याची मोठी पिशवी शिवून दिली, जव त्यात घालून पाण्यात सोडायला. पातेलं तुझ्या लेकीच्या लग्नातलं, आत खुणा काही नाहीत. मी माझी मोजणीची बादली गाडीला बांधून आणली होती. तू ती सोडूच दिली नाहीस.

"माझ्या दारात माप माझं," म्हणालास, आणि माळ्यावरून हा तांब्याचा हंडा खाली काढलास. चिंचेनं घासलास, लखलखीत केलास. "हंडा म्हंजे पंधरा. दोन हंडं तीस, वर एक लिटर तुझ्या तांब्यानं. झालं एकतीस."

आता माझं ऐक. कालव्याच्या दारावर नवी मोजपट्टी बसवली की ती तपासल्याशिवाय मी पाणी सोडू दिलं नाही. कधीच नाही. वरिष्ठांशी भांडलो त्यासाठी. आणि तुझ्या दारात, तुझा हंडा, मी तपासला नाही. तपासायचं मनातही आलं नाही. तो तुझा होता. एवढंच कारण. ह्याचा मला स्वतःवर जितका राग येतो तितकाच तुझ्यावर येतो, कारण हंड्याचं खरं तुला माहीत होतं.

गाळून, उकळून, हौदात गार करून आपण ते पिंपात ओतलं. वीसच्या खुणेवर थांबायला हवं होतं. थांबेना. एकवीस, बावीस, तेवीस. चोवीसवर थांबलं. मग काचेची नळी सोडली, डेअरीत दुधाला लावतात तशी, रस किती दाट ते आकड्यात दाखवणारी. पन्नास दाखवायला हवं होतं, बेचाळीस दाखवलं. आणि मी, गाढवासारखा, बोलून गेलो, "पाणी घातलेल्या दुधागत झालंय हे."

तुला मी असं म्हणायला नको होतं. डेअरीवर तुझं दूध कधी परत आलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. तरी म्हटलं. तुझा चेहरा लाल झाला.

"तुझं गणित चुकलंय. जव तेवढं पाणी पीतच न्हाई."

"पितो. किलोला लिटर पितो. हंडा पंधराचाच आहे ना?"

"हंड्याला नाव ठेवू नको, अश्या! ह्या हंड्याशेजारी उभं राहून मी सगळ्या गावाला पाणी वाटलंय. तुझं गणित चुकलंय. आयुष्यभर पाटाचं पाणी असंच मोजलंस का? मग बराबर हाय, म्हणूनच ते आमच्या पठारावर कधी आलं न्हाई."

मी गाडीला किक मारली आणि निघालो. पिंप तुझ्याकडंच राहिलं. वहिनी फाटकापर्यंत आल्या होत्या, मी थांबलो नाही.

तुला काय माहीत नंतर मी काय केलं ते. मी एक किलो जव भिजवले, गाळले, तोलले. लिटरभर पाणी प्याले. पुन्हा केलं. जाड भरडून केलं, बारीक भरडून केलं. गरम पाण्यात, कोमट पाण्यात. दर वेळी लिटरच्या आसपास. मग वाटलं, वाफ कमी गेली असेल. गॅसवर पातेलं ठेवून तासभर घड्याळ लावून बसलो. सुमननं एकदा विचारलं, हे चार लिटर सापडले तर कुणाला देणार आहात? मला रात्रंदिवस एकच वाटत होतं, की मी खरंच चुकलो असेन. आणि इथं चुकलो असेन तर तिथंही चुकलो असेन, तीस वर्षं, दारादारावर. टोकाच्या शेतकऱ्यांनी शिव्या दिल्या तेव्हा त्यांचंच खरं असेल. हे तू माझ्या डोक्यात घातलंस, रभा. एका वाक्यात घातलंस आणि म्हशींच्या मागं निघून गेलास.

संक्रांतीला तुझा फोन आला. मी उचलला नाही. ते माझं पाप, ते मी तुझ्यावर ढकलत नाही. पण एकदाच का केलास? गायीम्हशी विकताना दलालाला दहादा फोन करायचास. माणूस फोन उचलत नसेल तर लोणी काही परदेशात नाही. गाडी काढायची होती, यायचं होतं, दारात उभं राहून शिव्या द्यायच्या होत्या. मी चहा टाकला असता.

त्याऐवजी काल मी तुझ्या दारात आलो. ओढ्याकाठी मंडप होता, माणसं खूप होती. पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. सगळे म्हणाले, समाधानानं गेला, काही इच्छा मागं राहिली नाही. मला इतका संताप आला! तुझी राहिली नसेल. माझी राहिली होती. त्या कावळ्याला जरा थांबायला काय झालं होतं?

मग भाषणं सुरू झाली. तालुक्यातले दोन पुढारी आले होते. एकानं तुला निर्व्यसनी म्हटलं, दुसऱ्यानं स्वतःच्याच कामांची यादी वाचली. त्यानंतर तुमच्या सरपंचांनी डब्याची गोष्ट सांगितली. टँकरवर लोक आपापले हंडे आणायचे, कुणाचा लहान कुणाचा मोठा, रोज भांडणं. तेव्हा रभाजीनं तेलाचा पंधरा लिटरचा पत्र्याचा डबा आणला आणि सांगितलं की आजपासून सगळ्यांना ह्याच मापानं. तेव्हापासून गावात पाण्यावरून भांडण झालं नाही. "एका मापाचा माणूस," असं ते म्हणाले, आणि माणसांनी माना डोलावल्या. मग माईकवर माझं नाव पुकारलं. बालमित्र म्हणून.

मी उभा राहिलो. समोर तुझा फोटो, त्यात तू हसतोयस. मी ठरवून काही आणलं नव्हतं. म्हणालो, आमचं दोघांचं शेवटी भांडण झालं, काढ्याच्या पाण्याच्या हिशेबावरून. चार महिने आम्ही बोललो नाही. आता वाद घालायला तो नाही. तेव्हा सगळ्यांसमोर सांगतो, की हिशेब माझा चुकला असेल. रभाजीचं बरोबर असेल. मी माफी मागतो.

मला ते खरं वाटत नव्हतं, रभा. माझे सगळे प्रयोग मला उलटंच सांगत होते. तरी मी म्हणालो. नोकरीत कुणासाठी एक लिटरचा खोटा आकडा लिहिला नाही, आणि काल तुझ्यासाठी, तीनशे माणसांसमोर, माझं सगळं गणित खाली ठेवलं. तू नसताना तुझ्याशी बोलायचा दुसरा मार्ग मला दिसला नाही. मी बसणार एवढ्यात बायकांच्या बाजूनं आवाज आला.

"न्हाई, भाऊजी."

वहिनी उभ्या होत्या. डोक्यावरचा पदर धरून. बाजूच्या बायका त्यांना बसवायला बघत होत्या, त्या बसल्या नाहीत.

"माफी मागू नका. तुमचंच बराबर व्हतं. हे मला दर ऐतवारी सांगायचे. त्या काढ्याची बाटली काढायची, घोट घ्यायचा आणि म्हणायचं, लई पातळ झालंय, अश्याचं बराबर व्हतं. मी म्हणायचे, मग जाऊन सांगा की त्यांना. तर म्हणायचे, कसं सांगू? तोऱ्यात माझं माप म्हणून काढून बसलो, आता हंड्याचं सांगावं लागंल."

वहिनींनी ते सांगितलं. लेक बाळंतपणाला माहेरी आली होती तो उन्हाळा. घरात ओली बाळंतीण, लुगडी धुवायला पाणी नाही, आणि घरटी तीन हंड्यांचा नियम. तू हंडा पोत्यात घालून जुन्नरला कलईवाल्या रहीमचाचांकडं नेलास. त्यांनी आतून गोल हातोडीनं ठोकून ठोकून त्याचं पोट बाहेर काढलं. हंड्यामागं दोन लिटर वाढले. आणि टँकरवर मोजायला तूच उभा. तो एक उन्हाळा तू सगळ्यांसमोर रोज सहा लिटर जास्त नेलंस. पुढच्या वर्षी हंडा माळ्यावर गेला आणि तू तो तेलाचा डबा आणलास.

"लई लाज वाटायची त्यांना," वहिनी म्हणाल्या. "लोकं एका मापाचा माणूस म्हणायची, तवा ह्यांना जेवण जायचं न्हाई."

मी सरपंचांकडं बघत होतो, सरपंच जमिनीकडं. आणि तेवढ्यात मागून एक म्हातारी बोलली. तुमच्या आळीतली यसूबाई, तीच.

"अगं बये, येवढंच व्हय? आमचाबी ठोकलेला व्हता."

कुणीतरी हसलं. दहाव्याला, ओढ्याकाठी, हसलं. मग दुसरी म्हणाली, "आमच्या सासूनं तर दोन न्हेले व्हते." पुरुषांतून एक म्हातारा उठून म्हणाला, "त्या साली चाचांकडं आण्याची रांग लागली व्हती, राव! चाचा इचारायचे, तुमच्या गावात समद्यांचीच भांडी एकदम कशी पोचली?" आता सगळेच बोलत होते. कुणाचा हंडा सोळाचा, कुणाचा अठराचा. सरपंचांनी शेवटी हात वर केले आणि म्हणाले, आमच्या आईचा वीसचा होता. हसता हसता वहिनी खाली बसल्या आणि मोठ्यानं रडायला लागल्या. दहा दिवसांत पहिल्यांदा, असं त्यांच्या लेकीनं मला नंतर सांगितलं.

निघताना त्यांनी हा हंडा माझ्या गाडीला बांधला. म्हणाल्या, "मला डोळ्यापुढं नगं." मी घेऊन आलो.

तर ऐक, रभा. जव किलोला लिटरच पितो. माझं गणित बरोबर होतं. कालव्यावरचंही बरोबरच होतं, आता मला तेवढं तरी नीट झोपता येईल, आणि तुझ्या पठारावर पाणी आलं नाही ते माझ्या आकड्यांमुळं नाही. एका बाळंतिणीसाठी नेलेल्या सहा लिटरबद्दल तुला कुणी काही बोललं नसतं. मी तर नाहीच. मी जन्मभर चिडवलं असतं फक्त. तुझा डबा चांगला होता, तू चांगला होतास, लाजेनं का होईना पण गावाला भांडणातून सोडवलंस, हे सगळं मला मान्य आहे. हे मी कुठल्याही माईकवर सांगेन.

पण साऱ्या गावाचे हंडे ठोकलेले होते, आणि एकटा तू लाजत राहिलास. त्या लाजेपायी माझे चार महिने नेलेस. आपल्याकडं चारच होते, रभा. ते तुला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं, पण नेलेस तूच.